काल्यातील दही आणि वासराचा वाटा



आज घेतलेला विषय वरवर पाहता जिभेचा आहे, गोडाधोडाचा आहे. कीर्तनकाराने लाडूपेढ्यांवर लेख लिहावा हे पाहून कोणी म्हणेल, बुवांना म्हातारपणी खाण्याचे वेध लागले. तसे समजा हवे तर. पण या विषयाने आम्हाला गेले वर्षभर स्वस्थ बसू दिलेले नाही. त्यातून या प्रकरणात चूक आमच्या हातून झाली, आणि ती चारचौघांत झाली; म्हणून तिची कबुलीही चारचौघांतच दिली पाहिजे.

गेल्या वर्षी माघात एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. काल्याचे कीर्तन आमच्याकडे होते. सोबत आमची नात आली होती. कॉलेजात शिकते, टाळ चांगला धरते, हरिपाठ तोंडपाठ आहे. मात्र दोन वर्षांपूर्वी तिने दूध, दही, तूप सारे सोडले. घरात आम्ही त्याला 'शहरी खूळ' म्हणत असू. हंडी फुटली, काला वाटला जाऊ लागला. यजमानांच्या वृद्ध मातोश्री स्वतः पातेले घेऊन पंगतीतून फिरत होत्या. नातीसमोर आल्या तेव्हा तिने पातेल्याला हात लावून तो कपाळी नेला आणि हळूच म्हणाली, "आजी, मी दही खात नाही. नमस्कार करते." म्हातारीचा चेहरा उतरला. "देवाच्या काल्याला नाही म्हणतेस, बाई?"

आमच्या गळ्यात अजून हार होता आणि समोर ध्वनिक्षेपक. आम्ही बोलून गेलो, "अहो, द्वापारात गवळणी लोणी लपवून ठेवीत, तरी देव चोरून खाई, कलियुगात देव दारात येऊन दही वाटतो, तर गोपाळ म्हणतात आमचे पथ्य आहे!" सगळा मांडव हसला. नात हसली नाही. खाली मान घालून बसून राहिली.

परतताना जीपमध्ये बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तिने विचारले, "आजोबा, काल संध्याकाळी आपण गोठ्यात गेलो होतो ना? त्या म्हशीचं रेडकू कुठं होतं?"

"असेल कुठे बांधलेले."

"नव्हतं. मी विचारलं. नर होतं, मेलं म्हणाले." थोडे थांबून ती म्हणाली, "तुम्ही कीर्तनात सांगता, गाय हंबरत धावते तसा देव भक्ताकडे धावतो. ती हंबरते ते वासरासाठीच ना?"

आम्ही चाळीस वर्षे हा दृष्टांत देत आलो. वात्सल्य हा शब्द ज्या वत्सापासून झाला ते वत्सच त्या गोठ्यात नव्हते, आणि ते आमच्या डोळ्यांना दिसलेही नव्हते. पोरीच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. घरी आल्यावर आम्ही जुनी पोथी उघडली.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भक्ष्याभक्ष्याचा विचार आहे. तेथे व्यालेल्या गाईचे पहिल्या दहा दिवसांतील दूध वर्ज्य सांगितले आहे. त्याच ओघात 'विवत्सा' गाईचे, म्हणजे वासरावेगळ्या झालेल्या गाईचे दूधही वर्ज्य सांगितले आहे. पाठशाळेत असताना हे श्लोक आम्ही घोकले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण घोकणे वेगळे आणि ताटाकडे पाहणे वेगळे. खरवस म्हणजे काय? पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक. तो वासराच्या तोंडचा. त्याच्या अंगी रोगाशी झुंजण्याचे बळ येते ते त्या चिकातून. शास्त्र म्हणते दहा दिवस थांब, आणि आम्ही शास्त्री म्हणवणारे केशर-वेलची घातलेल्या खरवसाची तिसरी वडी मागून घेत होतो! लांब कशाला, आम्हीच घेतली आहे.

आणि विवत्सेचे काय? कोणी म्हणेल, अहो, आमच्या गोठ्यात वासरू असते. ज्याच्या गोठ्यात आहे आणि जो दोन सड त्याच्यासाठी राखतो, त्याला आमचा नमस्कार. पण आजचा हिशेब डोळे उघडून पाहा. गाय काय, म्हैस काय, व्यायल्याशिवाय दूध देत नाही. होणाऱ्या वासरांत निम्मे नर. पूर्वी खोंडाला मोल होते. तो नांगर ओढी, मोट ओढी, बैलगाडीला जुंपला की कुटुंबाचे पोट भरी. आता शेतात ट्रॅक्टर आला. खोंड वाढवायचा तर दूध त्याला पाजावे लागते, आणि मोठा करून त्याला काम नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आली. पण कत्तल थांबली म्हणजे पोसणारा मिळाला असे नाही. पुष्कळ खोंड रस्त्यावर सोडले जातात. म्हशीचा रेडा तर त्या बंदीत नाहीच. त्याला दूध पुरेसे पाजले नाही की तो आपोआप जातो, कोणाला सुरी धरावी लागत नाही. मग म्हैस पान्हा सोडत नाही म्हणून मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवण्याची चाल पूर्वीपासून आहे. हल्ली त्या जागी सुई आली. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाने हे ऐकून न ऐकल्यासारखे करावे काय?

येथे पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो दुबळा नाही.

पहिली शंका अशी की, आमचा देव गोपाळ. त्याला दूध-लोणी प्रिय. पंढरीत काकड्याच्या वेळी लोणी-साखरेचा नैवेद्य होतो, अभिषेक पंचामृताचा होतो. मग दुधाला दोष देणे म्हणजे देवाला दोष देणे नव्हे काय? उत्तर असे की, गोकुळात देव गाई राखीत होता, आणि त्याच्याबरोबरचे सवंगडी वासरे राखीत होते. वासरू हरवले तर शोधायला जाणारा तो देव. दूध घेण्याचा अधिकार त्याला राखण्यातून आला. आपण राखणे सोडले आणि पिशवी तेवढी धरली. मंदिरातील नित्योपचार हा त्या त्या स्थानाच्या परंपरेचा विषय आहे, त्यात ढवळाढवळ करण्याची आमची छाती नाही आणि इच्छाही नाही. आम्ही आपल्या पानाबद्दल बोलतो आहोत.

शिवाय देवाने मिटक्या मारीत खाल्लेल्या पदार्थांची यादी करा. विदुराघरच्या कण्या. सुदाम्याचे पोहे. शबरीची बोरे. द्रौपदीच्या थाळीला चिकटलेले भाजीचे पान. यांत दुधाचा थेंब कुठे आहे? गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने स्वतः नैवेद्याची नावे घेतली, ती पान, फूल, फळ आणि पाणी. देवाची भूक द्रव्याची नाही, भावाची आहे, असे आम्ही कीर्तनात ओरडून सांगतो. मग पेढ्याशिवाय नैवेद्य अपुरा, हे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

दुसरी शंका: संपूर्ण अहिंसा कोणाला साधली आहे? नांगराच्या फाळाखाली किडे मरतात, धान्यातही जीव आहे. खरे आहे. स्मृतिकारांनीच गृहस्थाच्या घरात पाच वधस्थाने सांगितली: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर. महाभारतात वनपर्वातील धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला हेच सांगतो की, शेती उत्तम म्हणतात, पण तीतही हिंसा आहे. अहिंसेला वाहून घेतलेले यतीसुद्धा हिंसेतून सुटत नाहीत. पण लोक येथेच पोथी मिटतात. धर्मव्याध पुढे म्हणतो की, यत्नाने ती कमी होते. सारे मर्म त्या यत्नात आहे. घर पूर्ण धूळमुक्त होत नाही म्हणून कोणी केर काढायचे सोडते काय?

पतंजलींनी योगसूत्रांत आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगितली. जाती, देश, काल आणि समय यांच्या कुंपणात अडकलेली अहिंसा छोटी. ते कुंपण ओलांडते ती महाव्रत. भाष्यकार उदाहरण देतात कोळ्याचे: मासे सोडून दुसरे काही मारणार नाही, तीर्थात मारणार नाही, चतुर्दशीला मारणार नाही. आपण त्या कोळ्याला हसतो. आणि आपली अहिंसा? ताटात जे दिसते तेवढ्यापुरती. माउलींनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचा विस्तार करताना यज्ञातील हिंसेलाच नव्हे, तर एका जीवासाठी दुसऱ्याचा घात करणाऱ्या औषधोपचारालाही प्रश्न विचारला. ज्यांनी औषधाला सोडले नाही, ते आमच्या बासुंदीला सोडतील?

तिसरी शंका आमच्या मनाला सर्वांत जड वाटते. आमचा वारकरी शेतकरी आहे. पाऊस दगा देतो, कांद्याचा भाव पडतो. घरात रोख पैसा येतो तो दुधाचा. पोरांची फी, म्हातारीचे औषध त्यातून निघते. त्याला आम्ही कीर्तनात उभे राहून पापी म्हणायचे काय? कदापि नाही. त्याच्याच दक्षिणेवर आमची चूल पेटते. ज्याच्या हाताला पर्याय नाही त्याला उपदेश करणे हा सोपा धर्म आहे, आणि सोप्या धर्मापासून सावध राहावे. त्याला जमेल एवढेच मागावे: वासराला पोटभर पाजा, नर जन्मला म्हणून त्याचा घास तोडू नका. उरलेला प्रश्न आमच्यासारख्या विकत घेणाऱ्यांचा, हौसेने पाव किलो पेढ्यांच्या जागी किलोभर नेणाऱ्यांचा आहे. आमची हौस कमी झाली तर कोणाचे घर बुडत नाही. ज्या शेतकऱ्याच्या भुईमुगाला, तिळाला, उसाला, नारळाला आम्ही चार पैसे देऊ, तोही शेतकरीच आहे.

चौथी शंका: हे व्रत परदेशी. नाव परदेशी आहे खरे. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी 'व्हेजिटेरियन' शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरे जोडून 'व्हीगन' हा शब्द केला. आपल्याकडेही सरकारने २०२२ साली अशा खाद्यपदार्थांसाठी वेगळे नियम केले. पण नाव परदेशी म्हणून पदार्थ परदेशी होत नाही. कसे ते सांगतो.

नातीबरोबर बसून आम्ही एक दिवस यादी केली. आपल्या घरचे, देवाचे, सणाचे कोणते गोड दुधावाचून होते? संक्रांतीचा तिळगूळ आणि काटेरी हलवा. शेंगदाण्याची चिक्की. राजगिऱ्याचा लाडू, चुरमुऱ्याचा लाडू. वारीहून येताना पिशवीत असतात ते चुरमुरे, बत्तासे, साखरफुटाणे. गणपतीचे उकडीचे मोदक. वरची तुपाची धार तेवढी सोडली की झाले. कोकणात नारळाच्या रसात बुडवलेले शिरवाळे, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. गोव्यात हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस घालून केलेले मणगणे. पुरणपोळीच्या पुरणात डाळ, गूळ, जायफळ. पोळी तेलावर भाजावी, वर गुळवणी घ्यावी. गुळवणी तर आपल्या नावातच पाणी घेऊन आली आहे! पंचवीस पदार्थ झाले तेव्हा आम्ही लेखणी ठेवली. वारकऱ्याचा पारंपरिक प्रसाद तर गरिबाचा प्रसाद; त्याला दूध परवडले केव्हा?

जेथे दूध हाच पदार्थाचा प्राण आहे तेथे मात्र खटाटोप करावा लागतो, आणि त्यात फसगतही होते. नारळाच्या दाट दुधात गूळ विरघळवून, चायनाग्रास घालून थंड केले की खरवसासारखी वडी पडते. चायनाग्रास समुद्रातील शेवाळाचे असते. चव खरवसाची नव्हे, पण वडी मऊ होते. काजूची पूड साखरेच्या पाकात घोटून पेढे वळता येतात. ते काजूचेच लागतात, खव्याचे लागत नाहीत. बेसनाचा लाडू तुपावाचून केला तेव्हा खोबरेलाचा वास इतका आला की आमच्या मंडळींनी देवघरात न्यायला नकार दिला. शेंगदाणे रात्रभर भिजवून, साले काढून, वाटून, फडक्यातून गाळले आणि ते उकळले की दूध होते. कोमट असताना त्यात मिरचीचे देठ टाकून ठेवले तर दही लागते. पहिल्यांदा ते पातळ झाले, दुसऱ्यांदा बरे जमले. कोणी म्हणेल, शेंगदाण्याच्या पाण्याला दूध का म्हणता? अहो, नारळाचे दूध आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणतो, आणि वड-उंबराला संस्कृतात क्षीरवृक्षच म्हणतात.

याच्या उलटही एक गोष्ट कळली. ज्यांत दूध नाही असे वाटते त्यांत भलतेच निघते. मुलांना देतो त्या लवचीक जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असू शकते, आणि ते जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढतात. गोळ्यांवरची चकाकी पुष्कळदा लाखेची, म्हणजे किड्याची. लाल रंगाचा एक प्रकार किडे वाटून होतो. मिठाईवरचा चांदीचा वर्ख परंपरेने जनावरांच्या कातड्यांच्या घड्यांत घालून कुटत आले आहेत. आयुष्यभर मांसाला न शिवलेल्या आजोबांनी सप्ताहात मुलांना वाटलेल्या गोळ्यांत हे असू शकते. निदान पाकिटावरची हिरवी खूण पाहून घ्यावी. कलियुगात माळ घालणाऱ्याला चष्माही घालावा लागतो.

आता दोन शब्द नातीला, आणि तिच्यासारख्या तरुणांना. आम्ही चुकलो म्हणून तुमचे सगळे बरोबर, असे नाही. व्रताची मोठी वैरीण हिंसा नसून अहंता आहे. मी शुद्ध आणि हे खाणारे क्रूर, असे मनात आले की सोडलेले दूध नासलेच. नामदेवरायांची गोष्ट आठवा. कुत्र्याने पोळी पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, की देवा, कोरडी खाऊ नका. त्या वाटीत तूप होते म्हणून त्या करुणेला तुम्ही नावे ठेवणार काय? म्हातारी काला घेऊन आली तेव्हा तिच्या हातातही तीच वाटी होती. तिचा हात नाकारला तरी तिचे मन नाकारू नये. पोरीने पातेले कपाळी लावले, एवढी समज तिला होती. आम्हालाच नव्हती.

राहिला प्रश्न काल्याचा. सोपी तोड अशी सुचते की दोन पातेली करावीत, एक दह्याचे, एक बिनदह्याचे. पण आम्हाला ती पटली नाही. काला म्हणजे कालवणे. ज्याची त्याची शिदोरी एकत्र झाली, उच्चनीच मिटले, तेव्हा त्याला काला म्हटले. त्यात दोन पातेली आली की पंक्तिभेद आला. मग 'तुमची' रांग आणि 'आमची' रांग. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो तेथे कोणी कोणाला विचारीत नाही, तू कोणता. म्हणून आम्ही सुचवले ते असे: मूळ काला सर्वांना चालेल असा एकच करावा. लाह्या, पोहे, ओले खोबरे, काकडी, भिजवलेली डाळ, आले-मिरची, लिंबाचे लोणचे. तोच देवाला दाखवावा, तोच सर्वांच्या हातावर घालावा. ज्याला दही हवे त्याने ते वरून घ्यावे, जसे पंगतीत तूप वरून वाढतात. काला एक, पंगत एक.

यंदाच्या माघात आम्ही त्याच गावी गेलो. कीर्तनाच्या आरंभी गेल्या वर्षीच्या थट्टेबद्दल मांडवाची आणि नातीची क्षमा मागितली. हात जोडताना पाय जरा लटपटले; साठीनंतर चूक कबूल करायला गुडघे दुखतात. मग सूचना मांडली. थोडी कुजबुज झाली. एका गृहस्थांनी विचारले, दह्यावाचून काला ऐकलाय कोणी? आम्ही उत्तर देणार, तोच त्या मातोश्री पुढून म्हणाल्या, "मी ऐकलाय. बहात्तरच्या दुष्काळात ऐकला नाही, केलाय. जनावरं छावणीला गेलेली, दही कुठलं? लाह्या अन् गूळ कालवला, वर चिंचेचं पाणी. देव आला नव्हता का त्या वर्षी?"

याहून मोठे समाधान शास्त्रात आम्हाला सापडले नसते. आम्ही १९७२ सालचा दुष्काळ पाहिलेला. पण त्या वर्षीचा काला आम्हाला आठवला नाही, कारण आम्ही पोथीत शोधत होतो. यंदा त्यांनीच पातेले उचलले आणि पहिला घास नातीच्या हातावर घातला. नातीने तो खाल्ला, आणि शेजारच्या मुलाने वरून दही मागितले तेव्हा वाढायला तीच उठली.

आता आमचे. खोटे कशाला बोला, सकाळच्या चहातले दूध अजून सुटलेले नाही. शेजारच्या गाईचे घेतो. वासरू आमच्या ओट्यावरून दिसते, पिऊन झाल्यावर त्याच्या तोंडाला फेस असतो, तो पाहूनच लोटी पुढे करतो. खरवस सोडला. विकतची मिठाई सोडली. नैवेद्याला गूळ-खोबरे ठेवतो. हे थोडेच आहे, पण धर्मव्याधाने यत्न मागितला आहे, पराक्रम मागितलेला नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या गोठ्यात दुभते जनावर आहे त्यांनी उद्या सकाळी धार काढण्याआधी वासरू कोठे आहे ते एकदा पाहावे. ज्यांच्या घरी दूध पिशवीतून येते त्यांनी पुढच्या एकादशीच्या नैवेद्याला एक बिनदुधाचा पदार्थ करून पाहावा. आणि पंगतीत कोणी 'मला चालत नाही' असे म्हणून हात जोडले, तर हसण्याआधी त्याला कारण विचारावे. आम्ही विचारले नाही, म्हणून आम्हाला एवढा लेख लिहावा लागला.

चूकभूल संतांनी पदरात घ्यावी. रामकृष्णहरि.